मला सोडा

पक्षाघाताचा झटका आल्यावर पाचव्या महिन्यात इंद्रजित सरनोबत पुन्हा बोलले. पहिलं वाक्य होतं, "विभा, पांघरूण द्या."

विभावरी खुर्चीवरून ताडकन उठली. आवाज त्यांचाच होता. कोल्हापूरच्या फुटबॉल मैदानावर वर्षानुवर्षं समालोचन करून जरासा घोगरा झालेला, शब्दाच्या शेवटी किंचित चढणारा. पण ओठ हलले नव्हते, पापणी लवली नव्हती. जुन्या समालोचनांच्या ध्वनिमुद्रणांवरून बनवलेला तो आवाज उशाशी ठेवलेल्या पांढऱ्या पेटीतून आला होता. कृत्रिम श्वासाचं यंत्र नेहमीसारखं सुस्कारे टाकत होतं.

पांघरूण गळ्यापर्यंत ओढताना ती हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, 'ए विभा'शिवाय कधी हाक मारली नाहीत. आणि आता 'द्या'? मला अहोजाहो?"

डॉ. सलीम मुजावर पडद्यावरच्या रेघा बघत होते. तेही हसले. "मॅडम, हा मान सरांनी नाही दिला, यंत्राने दिलाय. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच ना? यंत्राची मूळ भाषा इंग्रजी. मग मराठीत बोलताना ते सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणतं. अपमान व्हायला नको म्हणून."

"म्हणजे माझं इंग्रजी शेवटी यांच्या कामी आलं म्हणायचं," विभावरी म्हणाली. ती शाळेत दहावीला इंग्रजी शिकवायची. इंद्रजित वीज मंडळातून निवृत्त झाले होते, पण जीव फुटबॉलमध्ये. घरी ती इंग्रजी बोलली की ते म्हणायचे, "ऑफसाइड!"

त्या दिवशी डॉक्टरांनी तिला यंत्र नीट समजावून सांगितलं. इंद्रजित यांच्या मेंदूच्या देठाला इजा झाली होती. विचार, स्मरण, कान, सगळं शाबूत. पण मेंदूकडून शरीराकडे जाणारा रस्ताच तुटलेला. डोळेसुद्धा फिरवता येत नव्हते. माणूस आत जागा आणि घराला बाहेरून कुलूप. पूर्वीची यंत्रं ओठ आणि जीभ हलवण्याच्या मेंदूतल्या आज्ञा वाचत. पण महिनोन् महिने ओठ हललेच नाहीत की त्या आज्ञा पुसट होत जातात, न वापरलेल्या पायवाटेवर गवत माजावं तशा. 'वाणी' हे नवं यंत्र त्याच्या एक पायरी मागे जातं. शब्द तयार होण्याआधी मनात अर्थ उमटतो, तो वाचतं. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जाळी मेंदूच्या पृष्ठभागावर अंथरायची. पाण्याचा विचार आला की मेंदूत ठरावीक ठिपके उजळतात, थंडीचा आला की दुसरे. त्याचा नकाशा असला की कुठले ठिपके उजळले यावरून माणसाच्या मनात काय आहे ते सांगता येतं.

"आणि तो नकाशा कुणी केला?"

"परदेशातल्या हजारो माणसांनी. यंत्रात झोपून, एकेका शब्दाचा विचार करून. इंग्रजी बोलणारी माणसं सगळी. म्हणजे असं समजा, मोठं कपाट आहे, प्रत्येक कप्प्यावर इंग्रजी शब्दाची चिठ्ठी. सरांच्या मनातला अर्थ ज्या कप्प्यात पडेल, त्या शब्दाचं यंत्र मराठी करतं. एका शब्दाला चार मराठी शब्द असतील तर आजूबाजूचं बोलणं ऐकून त्यातला जुळणारा निवडतं."

विभावरीला ते पटलं. भाषांतर असंच तर करायचं असतं, संदर्भ बघून.

पुढचे काही आठवडे तिला सणासारखे गेले. शाळा सुटली की ती थेट रुग्णालयात यायची. इंद्रजित तुटक बोलायचे, पण बोलायचे. "कूस बदला." "ऋचा कधी?" ऋचा त्यांची मुलगी, पुण्यात वास्तुरचनाकार. ती शनिवारी यायची आणि बापाशी तासन् तास गप्पा मारायची, म्हणजे बहुतेक स्वतःच बोलायची. पेटीतून मधूनच "शाबास" यायचं.

एका संध्याकाळी मोबाइलवर मैदानातल्या सामन्याचं थेट समालोचन लावलं होतं. कुणी नवा पोरगा बोलत होता, नावं चुकवत होता. ते दमले असतील म्हणून विभावरीने बंद करू का विचारलं. पेटी म्हणाली, "सोडा. सामना सोडा." तिने लगेच बंद केलं. हृदयाचे ठोके दाखवणारा आकडा एकदम चढला आणि बराच वेळ उतरला नाही. "त्या पोराच्या चुका ऐकून चिडलात ना?" ती म्हणाली आणि त्यांचं कपाळ थोपटत राहिली.

मग छातीत कफ साठला. न्यूमोनिया झाला, बरा झाला, पुन्हा झाला. दुसऱ्या वेळी ताप उतरला तेव्हा इंद्रजित हाडांचा सापळा उरले होते. गळ्यातल्या नळीभोवती जखम झाली होती. दर काही तासांनी दुसरी नळी आत घालून कफ ओढावा लागे, आणि त्या वेळी त्यांचं निश्चल शरीर आतल्या आत थरथरल्यासारखं वाटे. विभावरी बाहेर पळायची.

एका सकाळी तिचा धीर सुटला. त्यांच्या पायाशी उभी राहून ती डॉक्टरांना म्हणाली, "यांचे हाल बघवत नाहीत हो. किती दिवस असं ठेवायचं? याला जगणं म्हणायचं का?"

डॉक्टरांनी तिला खुणेनेच गप्प केलं. इंद्रजित ऐकत होते.

पेटी थोडा वेळ घरघरली. मग आवाज आला, "मला सोडा."

विभावरी पायाशी होती ती उशाशी आली.

"काय सोडू?" विभावरीने वाकून विचारलं. "काय म्हणालात?"

"मला. सोडा. विभा, मला सोडा."

* * *

दोन वर्षांपूर्वी कायदा झाला होता. 'वाणी'तून व्यक्त झालेली इच्छा ही रुग्णाची स्वतःची इच्छा मानायची. बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाने समितीपुढे, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा तीच इच्छा सांगितली आणि घरच्यांनी संमती दिली, तर श्वासाचं यंत्र काढता येत होतं. अट एवढीच की त्याला काही पढवायचं नाही. 'तुम्हाला मरायचं आहे का?' असा प्रश्न विचारायलाच बंदी होती. तोंडात शब्द कोंबल्यासारखं होईल म्हणून. फक्त म्हणायचं, 'तुमची इच्छा सांगा.'

समितीत एक निवृत्त न्यायाधीश होते, बापट. सज्जन, हळू बोलणारे. त्यांनी दर बैठकीत तेवढंच विचारलं. दर बैठकीत पेटीने तेच उत्तर दिलं. "मला सोडा." शेवटच्या बैठकीत तर पेटी थांबेना. "सोडा. सोडा. मला सोडा." हृदयाचा आकडा लाल झाला, घंटा वाजू लागली. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. "किती तळमळतोय हा माणूस," ते म्हणाले.

ऋचा मात्र पहिल्यापासून मानायला तयार नव्हती. रुग्णालयाच्या उपाहारगृहात समोरचा चहा निवत ठेवून ती आईशी भांडली.

"आई, बाबा असं म्हणणारच नाहीत. पावसात सगळे घरी गेले तरी हा माणूस माइक धरून बसायचा. शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी उठायचं नाही म्हणायचा."

"मग कोण म्हणतंय ते? मी म्हणतेय?"

"यंत्र म्हणतंय."

"यंत्रातून तेच म्हणतायत! ऋचा, आयुष्यभर मी त्यांच्या बोलण्यात ढवळाढवळ केली. हे खाऊ नका, ते करू नका. आता त्यांना एवढी एकच गोष्ट मागता येतेय. ती पण मी ऐकायची नाही? आपल्याला ते हवेत म्हणून त्यांनी सोसत राहायचं?"

ऋचा चहा तसाच टाकून उठली. दुसऱ्या दिवशी ती सही करून पुण्याला निघून गेली. मला ते बघायचं नाही, एवढंच म्हणाली.

सही करण्यापूर्वी विभावरीने कायदा मोडून एकदा विचारलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. ती त्यांच्या कानाशी गेली. "अहो, मला खरं सांगा. तुम्हाला जायचंय?"

पेटी म्हणाली, "जायचं. विभा. सोडा."

याहून स्पष्ट आणखी काय हवं होतं?

यंत्र काढायच्या दिवशी दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलेलं. डॉ. मुजावर यांनी आधी गुंगीचं औषध दिलं, हळूहळू चढत जाणारं. विभावरी उजव्या बाजूला बसली होती. त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता.

"मी ऐकलं हं तुमचं," ती म्हणाली. "सोडते मी तुम्हाला. काळजी करू नका."

पेटी म्हणाली, "हात. सोडा."

तिला ते लागलं. पण मग वाटलं, त्यांना मोकळं व्हायचं असेल. कुणाच्या हातात अडकून जाणं नको असेल. तिने अलगद त्यांचा हात चादरीवर ठेवला आणि आपले हात मांडीवर घेतले. पेटी पुन्हा एकदा "हात" म्हणाली. मग गप्प झाली. यंत्राचा सुस्कारा थांबला, आणि थोड्या वेळाने पडद्यावरची रेघही सरळ झाली.

* * *

जून उजाडला, शाळा सुरू झाली. लोक विभावरीला म्हणत, तुम्ही फार धीराच्या. नवऱ्याची शेवटची इच्छा पुरी करायलाही काळीज लागतं. तिलाही तसंच वाटू लागलं होतं. रात्री झोप लागत होती.

जुलैत एक दिवस ती दहावी 'ब'ला क्रियापदं शिकवत होती. एका इंग्रजी क्रियापदाला मराठीत किती रूपं येतात, हा तिचा आवडता तास. तिने फळ्यावर 'लीव्ह' लिहिलं आणि वर्गाकडे वळली. "हं, सांगा. याला मराठीत काय काय म्हणाल?"

"सोडणे!" चार-पाच आवाज एकदम.

"वाक्य?"

"त्याने नोकरी सोडली."

"अजून?"

"निघणे. गाडी निघाली." "मागे ठेवणे. आजोबांनी शेत मागे ठेवलं." "विसरणे पण मॅडम. छत्री बसमध्ये विसरली."

"वा! अजून एक आहे. रोज वापरता तुम्ही."

वर्ग विचारात पडला. मग खिडकीपाशी बसणारी नसीमा म्हणाली, "राहू देणे. 'लीव्ह द लाइट ऑन.' दिवा चालू राहू दे."

"अगदी बरोबर," विभावरी म्हणाली. "बघा गंमत. एकच क्रियापद. सोडून जाणं तेच आणि आहे तसं राहू देणं तेच. म्हणजे अगदी उलट अर्थ, पण शब्द..."

ती तिथेच थांबली. मुलांना वाटलं, मॅडम शब्द आठवतायत. ती फळ्याकडे बघत होती. कपाट. कप्प्यावर इंग्रजी चिठ्ठी. सामना सोडा. तो चढलेला आकडा. ते सामना बंद करा म्हणत नव्हते, राहू दे म्हणत होते. सामना राहू दे.

मला...

तिने खडू खाली ठेवला. "वाचत बसा," ती कशीबशी म्हणाली आणि वर्गाबाहेर आली. व्हरांड्याचा कठडा धरून ती तास संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

* * *

'वाणी' बनवणाऱ्या कंपनीच्या मराठी विभागाची प्रमुख तेजस्विनी कुलगोड नावाची तरुण भाषाशास्त्रज्ञ होती. तिच्यापर्यंत पोचायला विभावरीला बरेच दिवस लागले. आधीच्या लोकांनी सहानुभूती दाखवून फोन ठेवले होते. तेजस्विनीने मात्र ऐकून घेतलं.

"मॅडम, राहू देणं आणि सोडणं, दोन्ही एकाच कप्प्यात पडतात," ती म्हणाली. "मराठी माणसाच्या डोक्यात ते ठिपके वेगळे असणार. पण आमच्या नकाशात त्यांना वेगळी जागाच नाही. जवळात जवळचा कप्पा लीव्हचा, तिथे यंत्र दोघांनाही टाकतं."

"आणि मग मराठी शब्द निवडतं कसं?"

"खोलीतलं बोलणं ऐकून. लोक हाल, सुटका, किती दिवस, असं बोलत असतील तर..." ती अडखळली.

"म्हणजे आम्ही जे बोलत होतो, त्यातूनच त्यांचं वाक्य पुरं केलं जात होतं."

"हो."

"मी त्यांना विचारलं होतं, जायचंय का. जायचं, असं उत्तर आलं."

"नकार आम्हाला अजून नीट पकडता येत नाही, मॅडम. 'जायचं' आणि 'जायचं नाही' यात मेंदू जवळजवळ सारखाच उजळतो. माहितीपत्रकात तसं लिहिलंय... बारीक अक्षरात."

विभावरीने फोन कानाला तसाच धरला होता. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. जरा वेळाने तिने विचारलं, "नक्की काय म्हणाले होते ते, कळेल?"

"सगळे मूळ संकेत साठवलेले असतात. मराठी बोलणाऱ्या माणसांवरून आम्ही नवा नकाशा करतोय. लहान आहे अजून, पण हे दोन शब्द त्यात वेगळे करता येतात. नव्या नकाशावरून सरांचं बोलणं पुन्हा वाचता येईल. पण मॅडम, तुम्ही विचार करा. एकदा ऐकलं की ऐकलं."

ती विचार करणार होती. कदाचित वर्षभर करत राहिली असती. पण त्याच आठवड्यात ती डॉ. मुजावर यांना भेटायला गेली, आणि सगळं ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. इचलकरंजीच्या एक बाई, गंगूबाई मगदूम, त्याच मजल्यावर होत्या. त्यासुद्धा "मला सोडा" म्हणत होत्या. मुलाने संमती दिली होती. समितीची शेवटची बैठक गुरुवारी होती.

"मी थांबवायला सांगू शकतो," डॉक्टर म्हणाले, "पण नुसत्या शंकेवर समिती थांबणार नाही. आजवर कितीतरी निर्णय झालेत, मॅडम. ते सगळे उकरावे लागतील. कुणाला नकोय ते. पुरावा लागेल. ज्याचा निर्णय अमलात आला अशा एखाद्या माणसाचं..." वाक्य पुरं करायची त्यांची हिंमत नव्हती. औषध त्यांच्याच हाताने दिलेलं होतं.

विभावरीने घरी येऊन ऋचाला फोन केला. सगळं सांगितलं. शब्द न् शब्द.

ऋचा ओरडली नाही, रडली नाही. फार हळू आवाजात म्हणाली, "आई, नको ऐकूस. प्लीज. आत्ता निदान शंका आहे. कदाचित त्यांना जायचंच होतं असं म्हणता येतं. तेही गेलं तर आपण कसं जगायचं?"

"तिकडे एक बाई आहे, ऋचा."

"मला तिच्याशी काय करायचंय? माझी सही आहे त्याच्यावर! तू म्हणालीस म्हणून केली मी सही."

"हो. माझ्यामुळे केलीस." विभावरी म्हणाली. "पण आपण ऐकलं नाही म्हणून ते जे बोलले ते बदलणार नाही."

फोन कट झाला.

* * *

बैठकीच्या खोलीत गोल टेबल होतं. न्यायाधीश बापट, डॉ. मुजावर, पुण्याहून आलेली तेजस्विनी, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक चाळिशीचा माणूस, गंगूबाईंचा मुलगा शिरीष मगदूम. तो कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता. विभावरी बसली. सुरुवात होणार तेवढ्यात दार उघडलं आणि ऋचा आत आली. ती आईशेजारी बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

तेजस्विनीने पेटी टेबलावर ठेवली. "आधी एक साधा प्रसंग घेते, म्हणजे फरक कळेल. सामन्याची ती संध्याकाळ."

इंद्रजित यांचा आवाज खोलीत आला. पण या वेळी वेगळा. वाक्यांना घरगुती वळण होतं. "ए विभा, सामना राहू दे की. बंद काय करतेस?"

ए विभा. विभावरीने डोळे मिटून घेतले. मधले ते सगळे आठवडे ती एका परक्या, सभ्य माणसाशी बोलत होती. हा तिचा नवरा होता.

"पुढचं लावू?" तेजस्विनीने विचारलं.

"लावा."

"मला राहू द्या," आवाज म्हणाला. तो डॉक्टरांना उद्देशून होता, त्या सकाळचा. मग लगेच, "ए विभा, असू दे हाल. मला राहू दे."

समितीच्या बैठकी एकामागून एक लागल्या. राहू द्या. राहू द्या. शेवटच्या बैठकीत तोच घोगरा आवाज चढत गेला, एखादा गोल हुकताना मैदानात चढायचा तसा. "अहो साहेब, राहू द्या. कळतंय का कुणाला? मला राहू द्या." न्यायाधीश बापट टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होते.

"हे पुढचं मॅडमनी एकटीने विचारलं तेव्हाचं," तेजस्विनी म्हणाली.

"जायचं नाही गं. विभा, कुठे जायचं नाही मला. राहू दे."

दार वाजलं. ऋचा बाहेर गेली होती.

"बास करू या," डॉक्टर म्हणाले. "एवढं पुरेसं आहे."

"शेवटच्या दिवसाचं लावा," विभावरी म्हणाली.

"मॅडम..."

"लावा."

औषधाने जड झालेला, लांबून आल्यासारखा आवाज. "विभा, हात राहू दे." थोडी शांतता. मग पुन्हा, आणखी लांबून, "हात..."

त्यानंतर नुसती खरखर होती. तेजस्विनीने पेटी बंद केली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. विभावरी सरळ बसून होती, दोन्ही हात मांडीवर. तसे ते होते हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते घाईघाईने टेबलावर ठेवले, जणू कुणी बघेल.

समितीने त्याच दिवशी गंगूबाई मगदूम यांचा निर्णय थांबवला. राज्यभरातल्या मराठी 'वाणी'च्या सगळ्या बैठकी बंद झाल्या. गंगूबाईंचे साठवलेले संकेत लगेच तिथेच नव्या नकाशावरून वाचले गेले. विभावरी व्हरांड्यात बाकावर बसली होती तेव्हा शिरीष मगदूम बाहेर आला. त्याने खाली वाकून तिचे पाय धरले.

"काकू, आईचं ऐकलं मी. तिला जायचंच आहे. 'बास झालं रं पोरा, जाऊ दे मला आता' म्हणाली. चार-चार वेळा. मधेच 'जेवून घे' म्हणाली." त्याने मनगटाने नाक पुसलं. "इतके दिवस वाटायचं, मी कंटाळलो म्हणून तर सही करत नाही ना? आता शंका नाही राहिली. तुमच्यामुळं."

विभावरीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. तिला एवढंच वाटत होतं की या माणसाचा तिला भयंकर हेवा वाटतोय.

ऋचा पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. काच खाली केली पण आईकडे पाहिलं नाही.

"शेवटी काय म्हणाले बाबा?"

विभावरीने क्षणभर विचार केला. "माझं नाव घेतलं," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. बाकीचं तिने आपल्यापाशी ठेवलं. आणखी एका माणसाने ते घेऊन जगायची गरज नव्हती.

* * *

मराठीचा पुरा नकाशा करायचा असं ठरलं तेव्हा त्यासाठी माणसं हवी होती. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या गावची. आठवड्यातून एकदा यंत्रात झोपून क्रियापदांचा विचार करणारी. विभावरीने नाव दिलं. तेजस्विनीने तिला फोन करून परोपरीने समजावलं की तुम्ही नका येऊ, आम्हाला दुसरी माणसं मिळतील. ती आली.

ऋचा तिला गाडीने घेऊन आली होती. आजकाल ती यायची. फारसं बोलायची नाही. आईला आत सोडून बाहेर लॅपटॉप उघडून बसायची आणि परत घरी न्यायची. माफ केलं की नाही, ते दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

यंत्राचा बोगदा अरुंद आणि थंड होता. डोक्याभोवती मऊ आधार लावून तंत्रज्ञाने तिला आत सरकवलं. कानात त्याचा आवाज आला. "मॅडम, शब्द मनात म्हणायचा नाही. शब्द आम्हाला नकोय, अर्थ हवाय. त्या क्रियेचा खरा प्रसंग डोळ्यांपुढे आणा आणि त्यातच राहा. जमेल?"

"जमेल."

येणे झालं. देणे झालं. धुणे, वाट बघणे, विसरणे. प्रत्येक क्रियापदाला तिने आयुष्यातलं काहीतरी दिलं. आईचं ओलं लुगडं पिळणं, बारकी ऋचा शाळेच्या फाटकाशी उभी.

"आता पुढचं. राहू देणे."

ती यंत्राच्या घरघरीत पडून राहिली. चादर, ऊन, पलंगाचा पाया. दोन हातांत एक हात. या वेळी तिने तो खाली ठेवला नाही. तिने तो घट्ट धरला, आणि धरूनच ठेवला. बोटांची हाडं लागत होती, नखं वाढलेली होती. छातीचा पिंजरा वर झाला, खाली झाला, पुन्हा वर झाला. तिने त्याला तसंच राहू दिलं.

बाहेर पडद्यासमोर तंत्रज्ञ पुढे झुकला. एवढा स्वच्छ, एवढा स्थिर ठसा आजवर कुणाचाच आला नव्हता. त्याने तो जपून घेतला, नोंद केली, आणि माइकचं बटण दाबलं.

"उत्तम आलं, मॅडम. झालं याचं. पुढचं क्रियापद घेऊ?"

आतून उत्तर आलं नाही.

"मॅडम?"

"थांबा," विभावरी म्हणाली. "अजून थोडं."